रशियन कृषकवस्त्रांवरील अलंकरण आणि त्याच्या अर्थनिर्णयाचा वाद

उत्तर रशियातील व्होलोग्दा, अर्खांगेल्स्क आणि ओलोनेत्स या प्रांतांतून गेल्या दीड शतकात गोळा करण्यात आलेली भरतकामाची वस्त्रे आज सेंट पीटर्सबर्ग व मॉस्को येथील संग्रहालयांत मोठ्या संख्येने सुरक्षित आहेत. पांढऱ्या किंवा किंचित भुऱ्या लिननवर तांबड्या दोऱ्याने भरलेली एक आकृती त्यांत वारंवार आढळते. मधोमध एक स्त्री उभी असते. तिचे हात वर उचललेले असतात. कित्येकदा त्या हातांच्या फांद्या होऊन ती स्त्री की वृक्ष हेच सांगणे कठीण व्हावे, असे तिचे रूप असते. दोन्ही बाजूंस घोडेस्वार अथवा पक्षी तिच्याकडे तोंड करून उभे असतात. ही स्त्री कोण, या प्रश्नाने रशियन लोककलेच्या अभ्यासकांस दीर्घकाळ गुंतवून ठेवले आहे. ज्या समाजाने स्वतःविषयी जवळजवळ काहीच लिहून ठेवले नाही, त्याच्या हातच्या वस्तूंवरून त्याच्या प्राचीन श्रद्धांचा इतिहास कितपत लिहिता येतो, हा पद्धतीचा प्रश्न त्यामागे आहे. आणि ज्या स्त्रियांनी ही वस्त्रे घडविली त्यांची साक्ष त्या इतिहासात कितपत विचारात घेतली गेली, हा त्याहून अवघड प्रश्नही त्याच्याशी निगडित आहे.

या वादात शिरण्यापूर्वी वस्तूंची ओळख करून घेणे अवश्य आहे. भरतकामाने सजविलेल्या कृषकवस्त्रांत स्त्रियांचे सदरे, डोक्याचे वस्त्र, पलंगाची झालर आणि ‘पोलोतेन्त्से’ हे प्रमुख होत. पोलोतेन्त्से म्हणजे महाराष्ट्रातील पंचासारखे अरुंद वस्त्र; मात्र ते पंचापेक्षा बरेच लांब, म्हणजे बहुधा दोन ते तीन मीटर असे. त्याची रुंदी घरगुती मागाच्या रुंदीने ठरे आणि ती सुमारे ४० सेंटिमीटरच्या आसपास असे. नक्षी केवळ दोन टोकांवर असावयाची. मधला भाग कोराच राही. लिननचा धागा जवसाच्या झाडापासून घरीच काढला जाई. जवस उपटणे, भिजविणे, कुटणे, विंचरणे ही कामे शरद ऋतूत होत. सूतकताई हिवाळ्याच्या दीर्घ रात्री चाले. विणाई हिवाळ्याच्या अखेरीस होऊन विणलेले कापड बर्फावर व पुढे दवाच्या गवतावर अंथरून पांढरे केले जाई. एका पंचात एका स्त्रीच्या वर्षभराच्या ऋतुचक्राचा अंश गुंतलेला असे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

भरण्याच्या पद्धतीत सर्वांत जुनी समजली जाणारी पद्धत म्हणजे ‘रोस्पिस’. यात दोरा कापडाचे धागे मोजून वरखाली नेला जातो, आणि परतीच्या फेरीत सुटलेल्या जागा भरल्या जातात. त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. उत्तरेकडील स्त्रिया या टाक्यास ‘दोस्युल्नी’, म्हणजे ‘पूर्वापार चालत आलेला’, असे म्हणत. आधी आकृती रेखून मग ती भरावयाची, असा प्रकार येथे नाही. मोजणी हाच येथे आराखडा असतो, आणि ती आईकडून मुलीकडे नमुन्याच्या कापडावरून जाते. या गोष्टीचा परिणाम आकृतीवर होतो. आडव्या-उभ्या धाग्यांच्या जाळीवर वर्तुळ सहज काढता येत नाही. वक्ररेषेच्या पायऱ्या होतात. तिरकी रेषा मात्र सहज साधते, आणि चार तिरक्या रेषा जोडल्या की चौकटीच्या फुलीसारखा समभुज चौकोन तयार होतो. गॉटफ्रीड झेंपर या जर्मन वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अलंकरणाचा उगम साधन व तंत्र यांत शोधला होता, आणि अलोइस रीगल याने १८९३ मध्ये त्या मताच्या अनुयायांवर कठोर टीका केली होती. रशियन भरतकामाच्या बाबतीत या दोहोंपैकी कोणा एकाचाच पक्ष घेता येत नाही. समभुज चौकोन का आला, याचे उत्तर कापडाच्या विणीत मिळू शकते. दोन स्वारांच्या मध्ये हात उंचावलेली स्त्री का आली, याचे उत्तर विणीत मिळत नाही.

अर्थनिर्णयाच्या इतिहासाचा आरंभ व्लादीमिर स्तासोव्ह (१८२४–१९०६) या कलासमीक्षकापासून करावा लागतो. सेंट पीटर्सबर्ग येथे १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रशियन लोक-अलंकरण’ या त्याच्या ग्रंथात भरतकाम, विणकाम आणि लेस यांचे नमुने प्रथमच पद्धतशीर रीतीने छापले गेले. प्राचीन लोकांच्या अलंकरणात एकही रेषा निरर्थक नसते, तिला काही वाच्यार्थ असतो, हे गृहीत त्याने मांडले. या अलंकरणातील बराच भाग त्याने पौर्वात्य, विशेषतः इराणी, प्रभावाकडे व शेजारच्या फिन्निक जमातींकडे नेला. राष्ट्राभिमानी वाचकांस हे मत रुचण्यासारखे नव्हते. त्याचे तपशील पुढे टिकले नाहीत, परंतु त्याचे गृहीत टिकले. नक्षी ही एक लिपी आहे, आणि ती लिहिणारीस तिचा अर्थ माहीत नसला तरी विद्वानास तो वाचता येतो, ही कल्पना त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासकाने कमीअधिक प्रमाणात स्वीकारली.

पुरातत्त्ववेत्ता वसीली गोरोद्त्सोव्ह (१८६०–१९४५) याने १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या कल्पनेस ठाम रूप दिले. रशियन लोककलेतील डाको-सार्मेशियन धार्मिक घटक हा त्या निबंधाचा विषय होता. डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील छोटे उपासनापट सापडतात. त्यांवर मध्ये देवी व दोन्ही अंगांस घोडेस्वार कोरलेले असतात. उत्तर रशियातील पंचांवरील रचना हुबेहूब तीच आहे, म्हणून मधली स्त्री ही प्राचीन महादेवी होय, असे त्याने प्रतिपादले. गोरोद्त्सोव्हची दृष्टी तीक्ष्ण होती यात शंका नाही. सुट्या चिन्हांची तुलना न करता त्याने संपूर्ण रचनेची तुलना केली, आणि त्या पंचांकडे गंभीरपणे पाहावयास त्यानेच शिकविले. परंतु त्याच्या पुराव्यातील खिंडार लहान नाही. डॅन्यूबकाठचा पट आणि कार्गोपोलचा पंचा यांच्यामध्ये सुमारे दोन हजार किलोमीटरांचे अंतर व दीड सहस्रकाचा काळ आहे. लिनन जमिनीत कुजते. त्यामुळे या मधल्या काळातील कृषकभरतकाम जवळजवळ उपलब्ध नाही. संग्रहालयांतील बहुसंख्य नमुने अठराव्या शतकाची अखेर व एकोणिसावे शतक या काळातील आहेत. साखळीची दोन टोके हाती असून मधल्या कड्या नाहीत, अशी ही स्थिती आहे.

सोव्हिएत काळात ही साखळी पूर्ण करण्याचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न बोरिस रिबाकोव्ह (१९०८–२००१) याने केला. ‘प्राचीन स्लावांचा मूळधर्म’ (१९८१) व ‘प्राचीन रूसचा मूळधर्म’ (१९८७) हे त्याचे ग्रंथ अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेरही मोठ्या प्रमाणावर वाचले गेले. मधली स्त्री ही त्याच्या मते मोकोश देवी होय. कीव्हच्या व्लादीमिर राजाने ९८० मध्ये ज्या देवतांच्या मूर्ती उभारल्याचे इतिवृत्तात नमूद आहे, त्यांतील ही एकमेव स्त्रीदेवता. उत्तरेकडील लोकविश्वासात सूतकताईशी संबंधित एका स्त्रीशक्तीस तिच्याच नावाशी मिळतेजुळते नाव असल्यामुळे हा तर्क अगदीच निराधार नाही. हात वर असतील तर वसंतातील प्रार्थना, हात खाली असतील तर उन्हाळ्यातील परिपक्व भूमी, असे ऋतुवार वाचनही त्याने केले. कार्गोपोल भागातील पंचांवरील वर्तुळाकार नक्षीत त्यास कृषिपंचांग दिसले. त्याच्या आधी अनातोली आंब्रोझ याने १९६५ मध्ये आकडे असलेल्या समभुज चौकोनावर स्वतंत्र लेख लिहून ते आद्य शेतकऱ्यांचे सुपीकतेचे चिन्ह असल्याचे प्रतिपादले होते. पुढे चौकोन म्हणजे शेत, व त्यातील ठिपके म्हणजे पेरलेले बी, हे समीकरण इतके रूढ झाले की शालेय पुस्तकांपासून पर्यटकांच्या माहितीपत्रकांपर्यंत ते निःशंकपणे दिले जाऊ लागले.

रिबाकोव्हच्या ग्रंथांतील विद्वत्ता आणि कल्पकता यांविषयी आदर बाळगूनही एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. त्याच्या पद्धतीत कोणताही नमुना सिद्धांताच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. हात वर असले तरी देवी, खाली असले तरी देवी. हातांत पक्षी असले तरी देवी, आणि स्त्रीच्या जागी झाड असले तरी ते देवीचेच प्रतीक. ज्या वाचनास खोडून काढणारा पुरावा कल्पिताही येत नाही, त्याची गणना इतिहासात करावी की काव्यात, हा प्रश्न त्याच्या टीकाकारांनी उपस्थित केला तो रास्त होता. शिवाय त्याच पंचांवर अशा आकृत्याही आहेत, ज्यांचा उगम मुळीच प्राचीन नाही. दोन तोंडांचा गरुड हे राजचिन्ह शेतकरी स्त्रिया आवडीने भरीत. फुगीर घेराच्या झग्यातील शहरी बायका, त्यांचे कुत्रे, शेजारी उभे असलेले सरदार, हे सर्व अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील जमीनदारी जीवनाचे प्रतिबिंब होय. चित्रकार इव्हान बिलिबिन १९०२ ते १९०४ या काळात रशियन संग्रहालयासाठी वस्तू गोळा करीत उत्तरेकडील प्रांतांतून हिंडला, तेव्हा या दोन्ही जातींच्या नक्ष्या एकाच प्रदेशात त्याच्या पाहण्यात आल्या. भरणारीच्या दृष्टीने देवी आणि सरदारीण एकाच कापडावर सुखाने नांदत होत्या.

या सर्व चर्चेत गालिना मास्लोव्हा हिचा १९७८ चा ‘रशियन लोकभरतकामातील अलंकरण’ हा ग्रंथ अधिक भरवशाचा वाटतो. तिने एकाच मूळ अर्थाचा शोध घेण्याऐवजी कोणती नक्षी कोणत्या जिल्ह्यात आढळते, तेथे कोणता टाका वापरतात, आणि शेजारच्या कारेलियन, वेप्सियन इत्यादी फिन्निक समाजांत तिचे काय स्वरूप आहे, याचा तपशील मांडला. तिलाही प्राचीन थर मान्य आहे; पण तो अनेक थरांपैकी एक. दक्षिणेकडील प्रांतांत आकडेवाल्या चौकोनास स्त्रिया ‘रेपेय’, म्हणजे कपड्यास चिकटणाऱ्या काटेरी फळाचे झुडूप, असे म्हणत. हे नाव विद्वानांच्या ‘पेरलेल्या शेता’शी जुळत नाही, म्हणून ते अज्ञानजन्य समजून बाजूस सारले गेले. वास्तविक नोंदलेली साक्ष तीच आहे. पेरलेले शेत हे अनुमान आहे.

अर्थाचा शोध आकृतीऐवजी वस्त्राच्या उपयोगात घेतला, तर पुरावा अचानक विपुल होतो. रशियन खेड्यातील मुलगी लहान वयापासूनच लग्नासाठी वस्त्रे साठवू लागे. लग्नात वराच्या आईवडिलांस, भावंडांस व वऱ्हाडातील प्रमुखांस भरतकामाचे पंचे देण्याची रीत होती, आणि त्यांवरून नव्या सुनेच्या हाताची पारख केली जाई. महाराष्ट्रातील रुखवत डोळ्यांसमोर आणल्यास या परीक्षेतील ताण वाचकांस समजण्यासारखा आहे. घरातील पूजेच्या कोपऱ्यात, म्हणजे ‘क्रास्नी उगोल’ येथे, मूर्तिचित्रांभोवती पंचा लावीत. लग्नाच्या गाडीच्या घोड्यांस पंचा बांधीत. शवपेटी पंचांच्या आधाराने कबरीत उतरवीत, आणि कबरीवरील क्रुसासही पंचा गुंडाळीत. गवतकापणीच्या पहिल्या दिवशी स्त्रिया ‘पोकोस्नित्सा’ हा घेराशी नक्षी असलेला सदरा घालून शेतात जात. काही प्रांतांत वधू विलापगीते गाताना अतिशय लांब बाह्यांचा सदरा घाली व त्या बाह्या हेलावीत रडे. बाराव्या-तेराव्या शतकांतील रूप्याच्या रुंद कंकणांवर लांब बाह्या सोडून नाचणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या आढळतात. येथे मात्र दोन टोकांमधील सातत्याची शक्यता विश्वसनीय वाटते, कारण तुलना केवळ रेषांची नसून एका कृतीची आहे.

या दृष्टीने दिमीत्री झेलेनिन या वांशिकीच्या अभ्यासकाचा १९११ मधील निबंध विशेष महत्त्वाचा आहे. ‘ओबिदेन्नी’, म्हणजे एका दिवसात तयार केलेले, पंचे व एका दिवसात बांधलेली देवालये हा त्याचा विषय. गुरांवर रोग पडला, पटकी आली किंवा पाऊस गेला, तर गावातील स्त्रिया एकत्र जमत. एका दिवसात, किंवा सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, सूत कातून, कापड विणून पंचा पुरा करीत. मग तो गावाभोवती मिरवीत, त्याखालून अथवा त्यावरून माणसे व गुरे नेत, किंवा तो मूर्तिचित्रास वाहत. आज सुरू झाले ते आजच संपले, म्हणून अमंगळास त्यात शिरावयास फट राहिली नाही, असा काहीसा भाव यामागे असावा. यातील लक्षणीय बाब अशी की, घाईने विणलेल्या या पंचावर नक्षीस अवसरच नसे. संकटसमयी ज्या वस्त्रावर गावाचा सर्वांत अधिक विश्वास, ते वस्त्र कोरे होते. संरक्षणाची शक्ती चौकोनात किंवा देवीच्या उंचावलेल्या हातांत शोधणाऱ्या सिद्धांतांस या कोऱ्या पंचाचे उत्तर देता आलेले नाही. बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नाही. स्त्रियांनी एकत्र येऊन, ठरावीक वेळेत, ठरावीक क्रमाने केलेले श्रम हेच तेथे फलदायी मानले जात होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वस्त्रांच्या घडणीत झपाट्याने बदल झाला. १८६१ मध्ये भूदासपद्धती रद्द झाल्यानंतर गिरण्यांचा माल खेड्यांत पोहोचू लागला. पूर्वी लाल रंग मंजिष्ठवर्गीय वनस्पतींच्या मुळांपासून काढीत. १८६८ मध्ये जर्मन रसायनज्ञ ग्रेबे व लीबरमान यांनी अलिझारिन हे रंगद्रव्य कृत्रिमरीत्या तयार केले, आणि थोड्याच वर्षांत कारखान्यात रंगविलेला लाल सुती दोरा स्वस्त झाला. संग्रहालयातील ज्या तांबड्या रंगास ‘प्राचीन रक्तवर्ण’ म्हणून गौरविले जाते, तो पुष्कळदा बाजारातून आणलेल्या अशा दोऱ्याचा असतो. छापील सुती कापडाचे रशियन नाव ‘सीतेत्स’ हे डच भाषेमार्फत आलेले असून त्याचे मूळ भारतीय ‘छींट’ शब्दात आहे. मराठीतील ‘चीट’ हा त्याचाच सख्खा भाऊ. हिंदुस्थानी मालाचे नाव घेऊन आलेले हे कापड पुढे व्लादीमिर प्रांतातील गिरण्यांत छापले जाऊ लागले व शेतकरी स्त्रियांच्या सदऱ्यांत, पदरांत आणि मुलींच्या बाहुल्यांत शिरले.

नक्षीच्या बाबतीत याहूनही मोठी उलथापालथ एका साबणवाल्याने केली. फ्रेंच वंशाच्या ऑन्री ब्रोकार याने १८६४ मध्ये मॉस्कोत सुगंधी द्रव्यांचा कारखाना काढला. त्याच्या स्वस्त साबणाबरोबर फुलीच्या टाक्याचे लाल-काळ्या रंगांत छापलेले नमुने मिळत. त्यांतील गुलाब, वेली आणि पक्षी थोड्याच काळात रशिया व युक्रेन येथील खेड्यापाड्यांत पसरले. जुन्या दुहेरी टाक्यापेक्षा फुलीचा टाका शिकावयास सोपा, आणि नमुना हातात असल्यावर आईकडून शिकण्याचीही गरज नाही. अनेक अभ्यासकांनी या ‘ब्रोकारी’ नक्षीचा उल्लेख ऱ्हासाचे लक्षण म्हणून केला आहे. हा निवाडा एकांगी आहे. ज्या समाजाने राजचिन्हातील गरुड आपलासा केला, त्याने साबणाच्या वेष्टनातील गुलाब आपलासा करावा यात विपरीत काही नाही. आणि त्या स्त्रियांनी ते पंचे पूर्वीच्याच श्रद्धेने मूर्तिचित्रांभोवती लावले. उपयोग टिकला, आकृती बदलली.

ज्या दशकांत खेडे गुलाब भरू लागले होते, त्याच दशकांत शहरातील सुशिक्षित वर्ग जुन्या नक्षीच्या शोधात खेड्याकडे निघाला. हा विरोधाभास या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे. नतालिया शाबेल्स्काया हिने जमविलेला जुन्या वस्त्रांचा संग्रह १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडला गेला. सावा मामोंतोव्ह या उद्योगपतीच्या आब्राम्त्सेव्हो येथील वसाहतीत येलेना पोलेनोव्हा प्रभृती कलावंत कृषकवस्तूंवरून नवे आराखडे तयार करीत होते. १८९१ च्या दुष्काळात ताम्बोव्ह प्रांतातील सोलोमेन्को येथे मारिया याकुन्चिकोव्हा हिने शेतकरी स्त्रियांना मिळकत मिळावी म्हणून भरतकामाची कार्यशाळा काढली. पोलेनोव्हा व नतालिया दाविदोव्हा यांनी तिच्यासाठी नमुने काढले. मॉस्कोच्या झेम्स्त्वोने, म्हणजे प्रांतिक लोकमंडळाने, १८८५ मध्ये हस्तोद्योग संग्रहालय स्थापिले होतेच. स्मोलेन्स्कजवळील तालाश्किनो येथे राजकन्या मारिया तेनिशेवा हिच्या कार्यशाळा विसाव्या शतकाच्या आरंभी भरात आल्या व १९०५ मध्ये बंद पडल्या. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातील रशियन हस्तोद्योग विभागाने युरोपचे लक्ष या कामाकडे वेधले.

या उपक्रमांनी अनेक कुटुंबांस दुष्काळात आधार दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु कामाची विभागणी ध्यानात घेण्यासारखी आहे. आराखडा शहरातील चित्रकाराचा, दोरा व कापड कार्यशाळेचे, गिऱ्हाईक मॉस्कोचे अथवा परदेशचे, आणि शेतकरी स्त्रीकडे केवळ टाका. जिने पूर्वी मोजणी करता करता आकृती रचली, तिला आता दुसऱ्याने ‘तिच्याच परंपरेतून’ काढलेली आकृती भरावयास मिळाली. वेंडी साल्मंड या अभ्यासिकेने १९९६ मधील ग्रंथात या कार्यशाळांचा सविस्तर इतिहास दिला आहे. त्यावरून असे दिसते की, ज्यास जग रशियन लोकशैली म्हणून ओळखू लागले, ती बऱ्याच अंशी या कलावंतांनी निवडलेली, स्वच्छ केलेली व नव्याने जुळविलेली शैली होती. लाकडी मात्र्योश्का बाहुलीचा जन्मही याच वातावरणात, १८९० नंतरच्या दशकात, मॉस्कोतील एका कार्यशाळेत झाला, हे अनेक रशियनांसही आश्चर्याचे वाटते.

क्रांतीनंतर हीच वाट वेगळ्या घोषणांखाली चालू राहिली. वेशभूषाकार नाद्येझ्दा लामानोव्हा हिने १९२५ च्या ‘दैनंदिन जीवनातील कला’ या चित्रसंग्रहात व्लादीमिर प्रांतातील दोन पंचांपासून एक काफ्तान शिवण्याची रीत दाखविली. कापड कमी, गरज मोठी, आणि पंचाची नक्षी आयतीच तयार. कल्पना अतिशय चतुर होती. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात तिच्या वेशांस सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पूर्वी मूर्तिचित्रावर असणारा पंचा आता अंगावर आला होता, आणि त्याची जुनी जागा नव्या राज्यव्यवस्थेत बोलण्याजोगी राहिली नव्हती. पुढील काळात क्रेस्त्सी, म्स्त्योरा, तोर्झोक इत्यादी ठिकाणचे भरतकाम सहकारी संघांतून व १९६० नंतर सरकारी कारखान्यांतून चालले. वस्त्रांचा विधींशी असलेला संबंध या व्यवस्थेत अर्थातच वगळला गेला. उरली ती नक्षी. नक्षीलाच सर्व अर्थ आहे असे मानणारी विद्वत्ता नेमकी याच काळात फोफावली, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. चर्चने पवित्र केलेल्या वस्त्राविषयी लिहिणे अडचणीचे होते. ख्रिस्तपूर्व महादेवीविषयी लिहिण्यास फारशी आडकाठी नव्हती.

चिंध्यांच्या बाहुलीचा इतिहास या सर्वांचा उत्तरभाग म्हणून पाहता येतो. खेड्यातील मुली जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची घट्ट गुंडाळी करून, तिला दोऱ्याने कंबर व मान बांधून, वर चिटाचा झगा व डोक्याला रुमाल चढवीत. अशा बाहुल्यांचा चेहरा पुष्कळदा कोराच ठेवलेला असे; मात्र कोळशाने रेखलेले वा दोऱ्याने भरलेले चेहरेही संग्रहांत आढळतात. निकोलाय बार्त्राम याने १९१८ मध्ये मॉस्कोत स्थापिलेल्या व १९३१ मध्ये सेर्गियेव्ह पोसाद येथे हलविण्यात आलेल्या खेळण्यांच्या संग्रहालयात या प्रकारच्या बाहुल्या जतन केलेल्या आहेत. त्यांचा मुख्य उपयोग खेळ हाच होता. त्या खेळात लग्ने लागत, बाळंतपणे होत, पाहुणे येत. आणि बाहुलीच्या कपड्यांवरून मुलीच्या हाताचा अंदाज वडीलधारी माणसे बांधीत. काही बाहुल्या विधींतही वापरल्या जात, याविषयीही नोंदी आहेत.

सोव्हिएत सत्तेच्या अखेरीच्या वर्षांत व विशेषतः १९९१ नंतर या बाहुलीचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा तिचे स्वरूप पालटले. धान्य भरलेली समृद्धीची बाहुली, औषधी वनस्पती भरलेली आरोग्याची, इच्छा पूर्ण करणारी, प्रवासात सांभाळणारी, अशी नामावली वाढत गेली. प्रत्येकीस प्राचीन स्लाव परंपरेचे प्रशस्तिपत्र जोडले गेले, आणि त्यांच्यावरील चौकोनांचे अर्थ रिबाकोव्हच्या ग्रंथांतून घेतले गेले. यांतील कित्येक बाहुल्यांस जुन्या वांशिक नोंदींत त्यांच्या आजच्या प्रसिद्धीच्या मानाने फारच तुटपुंजा आधार आहे. ‘ओबेरेग’ हा शब्द आज अशा बाहुलीस ताइताच्या अर्थाने सर्रास लावतात. येलेना लेव्हकियेव्हस्काया हिने २००२ मधील ‘स्लाव ओबेरेग’ या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे पारंपरिक व्यवहारात संरक्षणाचे साधन उच्चारलेले शब्द, केलेली कृती व वस्तू यांच्या संयोगाने सिद्ध होई. सुट्या वस्तूस स्वयंभू शक्ती असल्याचा समज त्या मानाने आधुनिक आहे.

तथापि या नव्या बाहुल्यांस केवळ बनावट म्हणून निकालात काढणे हीही घाई ठरेल. आज शहरांतील वर्गांत एकत्र बसून कापडाचे पक्षी, घोडे व बाहुल्या बांधणाऱ्या स्त्रिया आराखडा दुसऱ्याचा घेतात हे खरे. पण सोलोमेन्कोच्या भरणारीप्रमाणे त्या गिऱ्हाइकासाठीच काम करतात असे नाही. पुष्कळ वस्तू नात्यागोत्यांत, बाळंतिणीस, नववधूस दिल्या जातात. मूर्त परंपरा म्हणून त्यांचे दावे तपासलेच पाहिजेत; आणि उपयोगाच्या अंगाने पाहता त्यांची नोंदही इतर कोणत्याही कृषकवस्त्राइतक्याच काळजीने झाली पाहिजे. इगोर मोरोझोव्ह याने बाहुलीवरील आपल्या २०११ च्या ग्रंथात पारंपरिक व आधुनिक अशा दोन्ही बाहुल्यांस एकाच अभ्यासाच्या कक्षेत घेतले, ते या दृष्टीने उचित होय.

पुराव्याचे एक मोठे भांडार अद्याप पुरतेपणी वापरले गेलेले नाही. मारिया तेनिशेवा हिचा पती व्याचेस्लाव्ह तेनिशेव्ह याने स्थापिलेल्या वांशिकी मंडळाने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस मध्य रशियातील खेड्यांकडे प्रश्नावल्या पाठविल्या होत्या. शिक्षक, पाद्री व काही शेतकरी यांनी पाठविलेली उत्तरे सेंट पीटर्सबर्ग येथील संग्रहालयात असून २००४ पासून ती प्रांतवार खंडांत प्रसिद्ध होत आहेत. पत्नी तालाश्किनोत नवी नक्षी घडवीत असता पतीचे बातमीदार लग्न, मृत्यू, बाळंतपण व गुरांचे रोग या प्रसंगी खेड्यात प्रत्यक्ष काय केले जाई, हे टिपून घेत होते. त्या उत्तरांत वस्त्रांचा उल्लेख येतो तो बहुधा दिले, बांधले, पांघरले, कबरीवर गुंडाळले, अशा क्रियापदांबरोबर.